जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वीं

एकत्र कुटुंबांत कोणतीही मोठी वस्तु एकट्याची नसते, आणि म्हणूनच ती टाकून देण्याचा निकालही एकट्याच्यानें लागत नाहीं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत दहाबारा वर्षांपूर्वीं येऊन बसलेला टेबलावरचा संगणक हें ह्याचें अगदीं आजचें उदाहरण होय. मुलांचा अभ्यास, सूनबाईंचा घरखर्चाचा हिशेब, आजोबांचें लेखन, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, विम्याचे व बँकेचे कागद, असें सर्वांचें सर्व कांहीं त्या एका पेटींत सांठलेलें असतें. पण अलीकडे ती पेटी जागी होण्यास इतका वेळ घेते कीं, बटण दाबून माणसानें खुशाल स्नानसंध्या उरकून यावें ! मग घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, "हें धूड आतां भंगारांत द्या." वडील मंडळी म्हणतात, "चालतो आहे ना ? मग चालूं द्या." पहिला पक्ष खर्चाकडे पाहत नाहीं, दुसरा वेळेकडे पाहत नाहीं, आणि दोहोंपैकीं कोणीही त्या पेटीचें झांकण काढून आंत पाहत नाहीं. ह्या महिन्यांत तें झांकण काढून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घोडें कोठें पेंड खातें ?

संगणक मंद झाला म्हणजे त्याचें सर्वच अंग थकलें, असा समज सार्वत्रिक आहे; पण तो बहुधा खरा नसतो. संगणकाचा गणित करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्यांत हलणारें असें कांहीं नाहीं. २०१२-१३ सालचा बऱ्यापैकीं प्रोसेसर पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, व्याख्यानें व चित्रपट पाहणें ह्या कामांस आजही पुरा पडतो. घोडें पेंड खातें तें हार्ड डिस्क नांवाच्या भागांत.

ह्या भागांत ग्रामोफोनच्या तबकडीची आठवण व्हावी अशा चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटास ७,२०० फेरे घेतात, आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून आंतबाहेर सरकून चुंबकीय खुणा वाचते. हवी ती जागा दांडीखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचे सुमारें ४ सहस्रांश लागतात. दांडी योग्य जागीं सरकण्यास आणखी ८-९ सहस्रांश जातात. एकंदरींत निरनिराळ्या जागीं असलेल्या नोंदी सेकंदास फार तर ७५-८० वाचून होतात. माणसाच्या हिशेबानें ही गति अचाट खरी. पण विंडोज सुरू होतांना हजारों लहानसहान फायली ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. सुगरण कितीही चपळ असो, चिमूटभर मोहरीसाठींही तिला दर वेळीं अंगण ओलांडून कोठीच्या खोलींत जावें लागलें, तर पानें वाढावयास दुपार टळणारच. तेथें नवी सुगरण आणून उपयोग नाहीं. कोठीच चुलीजवळ आणली पाहिजे.

अशी डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक ह्या यंत्राबरोबर प्रथम आणली. तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि मावत होतीं तीं अवघीं ५० लक्ष अक्षरें. त्यानंतर तबकड्या लहान झाल्या, त्यांवर लक्षावधि पटींनीं मजकूर मावूं लागला; परंतु फिरणें आणि सरकणें कांहीं सुटलें नाहीं.

आपल्या संगणकाचें दुखणें हेंच आहे कीं दुसरें, हें ठरविण्यास वैद्य लागत नाहीं. विंडोज सुरू असतां कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत डिस्कपुढील आंकडा बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटून राहिला व प्रोसेसरचा मात्र दहावीस टक्क्यांवर रेंगाळत असला, तर निदान झालें म्हणावयाचें. मेमरीचा आंकडाही नव्वदीच्या वर जात असेल, तर रॅम अपुरी आहे असें समजावें. त्या काळच्या संगणकांत बहुधा ४ गिगाबाइट रॅम असते; ती ८ करून घ्यावी. नुसती डिस्क बदलून ती उणीव पुरी भरत नाहीं.

फिरण्यावांचून चालणारी डिस्क

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात् एसएसडी, हिच्यांत तबकडी नाहीं आणि दांडीही नाहीं. विद्युद्भार कोंडून ठेवणारे असंख्य सूक्ष्म कप्पे तिच्यांत असतात, आणि वीज बंद झाल्यावरही तो भार कप्प्यांत टिकून राहतो. ह्या फ्लॅश स्मृतीचे जनक जपानांतील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका हे होत. १९८४ सालीं त्यांनीं हा शोध जगापुढें मांडला, आणि आज एसएसडींत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. आपल्या मोबाइलमधील आणि पेन-ड्राइव्हमधील स्मृति ह्याच कुळांतली.

दुकानदार सांगतो तो वेगाचा आंकडा म्हणजे सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट. जुनी हार्ड डिस्क शंभर-दीडशेच्या घरांत असते. पण हा चौपट-पांचपटीचा फरक दुय्यम आहे. खरें अंतर एकेक नोंद शोधण्यांत पडतें. जेथें तबकडीस १२-१३ सहस्रांश सेकंद लागत, तेथें एसएसडीस एका सहस्रांशाचा दहावा भाग पुरतो, म्हणजे शंभरपटीहूनही अधिक अंतर झालें. म्हणूनच जो संगणक सुरू होण्यास दोनतीन मिनिटें घेई, तो बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आंत हुकुमास हजर होतो.

तथापि ह्या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इंटरनेटची तारच मंद असेल तर ती एसएसडीनें वेगवान होणार नाहीं. आजचे अवजड खेळ किंवा मोठ्या चित्रफितींचें संपादन जुन्या यंत्रावर चालणार नाहीं. विजेचा पुरवठा करणारा भाग वारंवार दगा देत असेल किंवा मदरबोर्डच आजारी असेल, तर नवी डिस्क घेणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होय.

खरेदी करतांना

बाजारांत एसएसडीचीं दोन मुख्य रूपें दिसतात. एक अडीच इंची चपटी डबी; तिला साटा जातीची जोडणी असते. दुसरी च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट चकती. तिला एम-टू म्हणतात. हींतील नवी एनव्हीएमई जात अधिक वेगवान असते खरी. पण २०१२-१३ सालच्या संगणकांत बहुधा तिला जागाच नसते, आणि निराळें कार्ड घालून बसविली तरी जुना बायोस तिच्यावरून संगणक सुरू करण्यास पुष्कळदां तयार होत नाहीं. तेव्हां जुन्या यंत्रास अडीच इंची साटाच घ्यावी. साटाच्या जोडणींतही ३ गिगाबिटची जुनी व ६ गिगाबिटची नवी असा भेद आहे. इंटेलच्या एच-६१ चिपसेटवर मूळच्या सर्व जोडण्या ३ गिगाबिटच्याच आहेत. तेथें ५५० मेगाबाइटांचा वेग निम्म्यावर येईल. पण लहान फायली शोधण्याचा लाभ जवळजवळ पुरता मिळतो, म्हणून कष्टी होण्याचें कारण नाहीं.

आकाराचें म्हणाल तर २५० गिगाबाइट ही किमान, आणि ५०० ही सुखाची मर्यादा समजावी. एसएसडी कांठोकांठ भरूं नये. पांचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवल्यास ती निरोगी राहते. एका कप्प्यांत तीन खुणा सांठविणारी टीएलसी जात, चार खुणा सांठविणाऱ्या क्यूएलसीपेक्षां, रोजच्या लिहिण्यास अधिक सोशिक असते.

"कप्पे झिजतात म्हणे, मग ती टिकणार किती ?" असा प्रश्न वडील मंडळी अवश्य विचारतील, आणि तो रास्त आहे. २०२१ सालीं निघालेल्या सॅमसंगच्या ८७० ईव्हो ह्या मालिकेंत २५० गिगाबाइटच्या एसएसडीस कंपनीनें पांच वर्षें अथवा १५० टेराबाइट लेखन, जें आधीं पुरें होईल तेथपर्यंत, हमी दिली आहे. आपलें कुटुंब दिवसास २० गिगाबाइट इतकें भरघोस लिहितें असें धरलें, तरी वर्षाचे सव्वासात टेराबाइट होतात. त्या मानानें १५० टेराबाइट संपावयास वीस वर्षें लागतील. झिजेनें ती मरण्याच्या आधीं बाकीचा संगणकच कालबाह्य होईल. मात्र भलत्याच स्वस्त भावांत प्रचंड आकार सांगणाऱ्या अनोळखी मालाच्या वाटेस जाऊं नये. त्यांत आंकडा खोटा छापलेला असतो, आणि ठराविक मर्यादेपुढें लिहिलेलें सर्व नाहींसें होतें.

आधीं प्रत, मग दुरुस्ती

येथवर आम्हीं यंत्राविषयीं लिहिलें. आतां मुख्य गोष्टीकडे येतों. डिस्क बाजारांत मिळते, तिच्यावरील मजकूर मिळत नाहीं. आपल्याकडील कित्येक घराण्यांनीं कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध केले आहेत. त्यांच्या पुढील आवृत्तीसाठीं जमविलेली माहिती आज पुष्कळ घरीं अशाच एखाद्या संगणकांत पडून असते. कोकणांतल्या मूळ गांवाहून निघालेली शाखा कोणती, कोणत्या आजीचें माहेर कोठलें, हें ज्यांनीं तोंडानें सांगितलें तीं माणसें आतां नाहींत. छायाचित्रांचेंही तेंच. आणि हें सर्व धन दहाबारा वर्षें अहोरात्र फिरून थकलेल्या एका तबकडीवर, एकाच प्रतींत, विसंबलेलें असतें ! संगणक सावकाश चालतो म्हणून आपण चिडतों. पण कित्येकदां तो मंदपणा म्हणजे तबकडी ठिकठिकाणीं वाचतां येईनाशी झाल्याची पहिली हाक असते.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं डिस्कची प्रकृति पाहावी. क्रिस्टल-डिस्क-इन्फो नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम डिस्कच्या आंतील नोंदी वाचून ती चांगली, संशयित कीं वाईट हें सांगतो. संशयित ठरली किंवा आंतून टकटक असा आवाज येऊं लागला, तर वेगाची गोष्ट बाजूस ठेवून, पुनः जोडणारें नाहीं असें जें असेल तें प्रथम बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावें : आधीं लेखन व छायाचित्रें, मग कागदपत्रें, आणि सर्वांत शेवटीं चित्रपट व गाणीं. डिस्क चांगली ठरली तरीही ही प्रत केल्यावांचून पुढें जाऊं नये. बैल गेल्यावर झोपा करण्यांत काय अर्थ ?

मराठी घरांनीं आणखी एक खबरदारी घेतली पाहिजे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वींचें मराठी लेखन श्रीलिपी, आकृति, कृतिदेव अशा निरनिराळ्या फाँटांत होत असे. तो विशिष्ट फाँट संगणकावर नसेल तर त्या फायलींत रोमन अक्षरांची अगम्य रांगोळी तेवढी दिसते. नव्यानें विंडोज घातलें कीं हे फाँट जातात. त्यासाठीं विंडोजच्या फाँट्स ह्या फोल्डरांतून ते आधीं निवडून ठेवावे, आणि सवड काढून महत्त्वाचें लेखन युनिकोडांत पालटून घ्यावें. जुन्या टंकलेखन-प्रणालीची डोंगल म्हणजे किल्लीसारखी डबी असेल, तर तीही सांभाळावी.

प्रत्यक्ष काम

नवी डिस्क बसविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरविणें. ह्यासाठीं कित्येक एसएसडी-कंपन्या आपला प्रोग्रॅम देतात, आणि क्लोनझिला हा विनामूल्यही मिळतो. ह्या रीतींत सर्व कांहीं जागच्या जागीं राहतें. पण जुन्यावरील मजकूर नव्या डिस्कच्या आकारांत मावला पाहिजे. धोका आहे तो एकाच जागीं : मूळ कोणती व नक्कल कोणती, हें निवडतांना उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि सर्व पुसून जातें. म्हणून दोहोंचीं नांवें व आकार कागदावर लिहून घ्यावे, आणि दुसऱ्या कोणास तरी वाचून दाखवून मगच पुढील कळ दाबावी. दुसरी रीत, एसएसडीवर नवी प्रणाली घालून आपल्या फायली मागाहून आणणें. हिला श्रम अधिक, पण वर्षानुवर्षांचा केरकचरा आपोआप मागें राहतो.

बायोसमध्यें साटाची पद्धत आयडीई किंवा एएचसीआय अशी लिहिलेली असते. नक्कल करावयाची असेल तर ती आहे तशी राहूं द्यावी; मध्येंच बदलल्यास विंडोज सुरू होण्याचें नाकारूं शकतें. नवी प्रणाली घालावयाची असेल तर घालण्यापूर्वींच एएचसीआय निवडावें.

बसविणें अगदीं सोपें आहे. वीजतार काढावी, सुरू करण्याचें बटण एकदां दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी, आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडास हात लावून मग आंत हात घालावा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधींही उघडूं नये. सांठलेली धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. मजकुराची अरुंद तार व विजेची रुंद तार, दोहोंचीं टोकें एकाच बाजूनें बसतात. बळ करण्याची गरज पडल्यास दिशा चुकली असें समजावें. संगणकाचें घड्याळ रोज मागें पडत असेल तर मदरबोर्डावरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरीही त्याच बैठकींत बदलावी. पण ती काढतांच बायोसमधील नोंदी मूळ पदावर जातात, म्हणून साटाची पद्धत आधीं टिपून ठेवून मागाहून पुनः तीच निवडावी. पहिल्या वेळीं जुनी डिस्क सोडवून ठेवून केवळ एसएसडीवर संगणक सुरू होतो ना, हें पाहावें. पुढें तिच्यावर डीफ्रॅगमेंट करण्याच्या फंदांत पडूं नये. जुळवाजुळव तबकडीसाठीं होती, येथें तिनें लाभ नसून झीज मात्र होते.

प्रणालीचा प्रश्न

वेग मिळाला म्हणजे सुरक्षितता मिळाली असें नव्हे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील लागतो. ती पिढी २०१७ सालीं आली, म्हणजे आपल्या जुन्या संगणकास तें दार बंद आहे. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटु ही विनामूल्य प्रणाली एसएसडीवर उत्तम चालते. लेखन, हिशेब, छायाचित्रें व इंटरनेट ही कामें तींत सुखानें होतात. विंडोजसाठींच बनविलेले प्रोग्रॅम मात्र सरसकट चालत नाहींत, हें आधीं पाहून घ्यावें. जुन्या विंडोजवरच राहावयाचें असेल, तर बँकेचे व्यवहार त्या संगणकावरून करूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जुन्या डिस्कचें काय करावें ?

ती लगेच पुसूंही नये आणि विकूंही नये. दोनतीन महिने कपाटांत राहूं द्यावी. एखादी विसरलेली फाइल त्या अवधींत हटकून आठवते. संगणक पुढें कोणास द्यावयाचा झाला तरी डिस्क काढून घेऊनच द्यावा, कारण पुसलेल्या फायली तबकडीवरून परत काढतां येतात, आणि त्यांत आधारकार्डाच्या व पासबुकाच्या प्रती असतात. निकामी भाग भंगारवाल्यास न देतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावे. त्याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

एसएसडीचा एक दुर्गुणही सांगणें प्राप्त आहे. हार्ड डिस्क पुष्कळदां कुरकुर करीत मरते. एसएसडी आदल्या रात्रीं ठणठणीत असते आणि सकाळीं दिसेनाशी होते. पुसलेली फाइलही तिच्यावरून परत मिळणें बहुधा अशक्य. शिवाय विजेवांचून वर्षानुवर्षें ट्रंकेंत ठेवण्यास ती योग्य नव्हे. म्हणजे वेगासाठीं एसएसडी आणि जतनासाठीं हार्ड डिस्क, अशी कामाची वांटणी ठरते. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या : एक संगणकांत, एक घरांतील निराळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर. ह्या तिसऱ्या प्रतीसाठीं एकत्र कुटुंबास दूर जावें लागत नाहीं. थोरला पुण्यास, धाकटा बंगळूरास, लेक नागपुरास, अशी पांगापांग आज घरोघरीं आहे. त्यांपैकीं एकाच्या कपाटांत ती डिस्क राहूं द्यावी आणि वर्षांतून एकदां, गणपतीस सगळे जमतात तेव्हां, ती आणून ताजी करावी.

त्याच बैठकींत वडील मंडळींस जुन्या छायाचित्रांसमोर बसवून कोण कोठें उभें आहे हें विचारावें, आणि मुलांनीं तें नांवनिशीवार लिहून घ्यावें. संगणक आतां भराभर चालतो आहे, तेव्हां "उघडेपर्यंत कोण थांबतो ?" ही सबब उरलेली नसते. आणि त्या तिन्ही प्रती कोठें ठेवल्या आहेत, हें घरांतल्या निदान दोघांस ठाऊक असावें.